डावा लाल, उजवा हिरवा

बटणाला स्वतःचा रंग नसावा,
हा पहिला नियम मी फळ्यावर लिहिला
मीना सलमानच्या त्या खोलीत,
जिथे एसीपुढे मार्कर दोन दिवसांत वाळतो.

बटणाने वर विचारावं: कोणता रंग घालू?
वरच्या चौकटीने खिडकीला विचारावं,
खिडकीने मुळाला.
मुळाशी एकच वही:
दिवस, तिन्हीसांज, रात्र.

आणि नावं रंगाची नकोत, कामाची हवीत.
जिनान हसली. तिला काय सांगू,
मुहर्रकच्या माझ्या ओट्यावर
दूध पावडरीच्या पिवळ्या डब्यात साबुदाणा आहे,
कॉफीच्या बरणीत मोहरी,
आणि 'साखर' लिहिलंय त्यात
गेल्या ऑक्टोबरपासून मीठ.
पाहुणा चहा करायला उठला की घात.
उद्या 'निळा' नावाच्या डब्यात
कोणी तपकिरी भरला, तर तो बिचारा
जन्मभर खोटं बोलत राहील.
म्हणून 'पाया', 'मजकूर', 'इशारा', 'निवडलेलं'.

मग अरबी.
एका झटक्यात सगळा पडदा आरशात गेला,
याद्या उजवीकडून, 'मागे'चा बाण पूर्वेला.
मी खूश.
याकूब कप्तान नुसते पाहत राहिले,
तीस वर्षं जहाजं आत आणणारा माणूस.
काचेवर बोट ठेवून म्हणाले,
"लाल डावीकडेच राहू दे.
भाषा फिरली म्हणून जहाज फिरत नाही."

नियमाखाली मला एक कप्पा काढावा लागला:
जे वर विचारत नाही.
डावा लाल, उजवा हिरवा, उत्तर दिशा.
रात्री मंद होतील, पण लाल तो लालच.
आठवडाभर आखलेला माझा डौलदार मनोरा
तेवढ्याने जरा कलला.
बरा दिसला.

चाचणीला पायलट बोटीत गेलो, पावणेबाराला.
'रात्र' लावली.
एकेक चौकट विझत गेली,
आकडे निखाऱ्याएवढे उरले,
आणि मधोमध एक बटण
पांढरंफटक, भर दुपारचं.
कप्तानांनी डोळ्यांवर हात धरला.
"गेले माझे डोळे," म्हणाले,
"आता पुन्हा पंधरा मिनिटं."
अंधार सरावायला तेवढी लागतात.

लॅपटॉप मांडीवर घेऊन शोधलं.
सहा अक्षरांचा पांढरा
थेट बटणाच्या पोटात लिहिलेला,
शेजारी शेरा: तात्पुरतं.
खाली आद्याक्षरं माझीच,
तीन वर्षांपूर्वीची.

खोडलं. लिहिलं: वर विचार.
लाटेने एक अक्षर चुकलं, पुन्हा लिहिलं.

मग पडदा इतका मागे सरला
की मध्ये काच आहे हेच विसरले.
पलीकडे पाणी होतं, काळं, हलतं,
त्यात एक लाल दिवा,
डावीकडे.
कप्तान काही बोलले नाहीत.
सुकाणू जरासं फिरवलं.