मानशीला कडी नाही

शवासनात मला झोप येत नाही,
हजेरी येते.
दूर्वा सांगते, पायांची बोटं सैल सोडा,
आणि मी आतल्या आत म्हणते,
एक: उपेंद्र. दोन: शेवंती.
तीन म्हणताना थांबते,
मग चारवर उडी मारते.

हा हॉल म्हणजे माझीच चौथी इयत्ता.
फळा काढून नेला,
त्याचा चौकोन भिंतीवर राहिलाय,
बाकीच्या भिंतीपेक्षा फिका.
त्याच्यासमोर आम्ही अकरा बायका
आणि फेरीबोटीवरून निवृत्त झालेला एक तांडेल
चटया पसरून रोज सकाळी
मरायचा सराव करतो.

शाळा मिटली तेव्हा मुलं उरली होती चार.
मी कुलूप लावलं, चावी दिली, सही केली.
हजेरीपट मात्र घरी आणले,
पिशवीत, तांबड्या भाजीखाली लपवून.
एकतीस वर्षांचे एकतीस.
असं करायचं नसतं, हे मला ठाऊक होतं.

जानेवारीत दूर्वा आम्हाला लामगावच्या लेण्यांत घेऊन गेली.
इथे भिक्खू राहायचे म्हणतात, ती म्हणाली.
पावसाचे महिने एका जागी,
पाऊस सरला की उठायचं,
निजल्या जागेचा खळगासुद्धा
मागे ठेवायचा नाही.
मी दगडावर हात ठेवला. गार.
वटवाघळांचा वास.
माझी मुलंही जूनमध्येच यायची, मी मनात म्हटलं.
ती उठून गेली वेळच्या वेळी.
खळगा झाले ती मी.

परत येताना चोडणच्या बांधावर
इनास जाळं लावत होता.
आमच्याकडे बांधातल्या दाराला मानस म्हणतात,
पोथीत मनाला म्हणतात तोच शब्द.
भरतीला दार मिटतं, खारं पाणी बाहेर थांबतं.
ओहोटीला उघडतं, खाजनातलं नदीत जातं,
कोळंबी जाळ्यात.
इतकी वर्षं ह्या वाटेने शाळेत गेले,
कधी विचारलं नव्हतं:
इनास, रात्री उठून दार कोण लावतं?
तो हसला.
"हांव न्हय, बाये. उदकच धांपता, उदकच उगडटा."
आणि कडी?
"कडी घाली जाल्यार बांद फुटतलो."
त्यापुढे त्याला बोलायला सवड नव्हती.
जाळ्यात एक खेकडा अडकलेला,
त्याच्याशी त्याचं भांडण चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी दूर्वा म्हणाली, श्वास घेऊ नका,
येतोय तो नुसता बघा.
पहिल्यांदाच बघितलं.
आला. थांबला थोडा, कुणी न सांगता.
गेला.
बरगड्यांनाही कडी नाही,
हे कळायला त्रेसष्ट वर्षं लागली,
आणि कळल्यावर डावा गुडघा तसाच दुखत राहिला.

इनासची बायको सांतान
शुक्रवारी म्हापशाला सुकी गालमो विकते,
पुड्या बांधायला तिला कागद लागतात.
मी पट दिले.
एकेक वर्ष सुटं करताना दोरा कुजलेला निघाला.
एक्याण्णवची निम्मी मुलं
वाळवीने आधीच नेली होती.
मी कुणाला जपत होते मग, कपाटाला?
सांतानने उपेंद्रच्या नावावर मूठभर गालमो ठेवली,
चार घड्या घातल्या,
वजन केलं.
मला रडू येईल असं वाटलं होतं.
वास आला फक्त,
आणि भूक लागली.

तीस वर्षं गेली.
एक ठेवलंय, खोटं कशाला बोलू.
ज्या वर्षीच्या जुलैत गुणाजी
बापाची होडी सोडवायला म्हणून नदीवर गेला,
पट क्रमांक तीन.
त्या दिवसापासून मार्चपर्यंत त्याची ओळ कोरी आहे.
हजर लिहिलं नाही मी,
गैरहजरही नाही.

दूर्वाला हे सांगितलं नाही.
इनासला सांगितलं.
त्याने नदीकडे बघितलं,
दाराच्या फळीवर पाणी कुठवर चढलंय ते बघितलं,
आणि म्हणाला, आतां भरती, बाये.