छाट

हरिणी म्हणाली, अक्का, मोठ्यानं वाचू का,
मोठ्यानं वाचलं की माझ्या डोक्यात बसतं.
मी म्हटलं, वाच.
सुपात भिजलेलं पान होतं, कात्री, पत्र्याचा तुकडा,
आणि हजारातल्या दोनशे साठच झाल्या होत्या.

अकरावीतली पोर, पुस्तक कॉलेजचं.
होटगी रोडच्या शाळेत फी माफ म्हणून गेली.
बोरामणीकर मॅडमनी विचारलं, अमेरिकेचा इतिहास कोण घेणार?
वर्गात तीन हात. एक हिचा.
शेजारचा अंबादास दारात थांबून म्हणाला,
"काय करुलालीस गं त्या अमेरिकेचं?"
हिनं उत्तर दिलं नाही.
मी विचारलंही नव्हतं.

पुस्तक इंग्रजी. मला सांगायची मराठीत,
अडलं की तेलुगूत.
आमच्या घरी रडणं आणि हिशेब त्याच भाषेत.

सनावळ्या मला धरता येत नाहीत, मी बिड्यांनी मोजते.
चहावरच्या कराचं भांडण : तीनशे.
राज्यघटना : दोन दुपारी, आणि मध्येच दोरा संपला.
उत्तर-दक्षिण लढले ती चार वर्षं
आमच्याकडे सहा रात्री चालली, कारण वीज नव्हती
आणि अंधारात बोटांना दिसतं, अक्षरांना नाही.

पहिलं प्रकरण तेवढं माझं राहिलं होतं,
त्या दिवशी माल द्यायला कारखान्यात गेले होते.
एप्रिलात, डोक्यावरचे पत्रे तव्यासारखे झाल्यावर,
उजळणीला ती पुन्हा पहिल्या पानावर आली.
माणसं समुद्र ओलांडून आली, सोनं शोधत.
सोनं नव्हतं. उपाशी मेली.
मग त्यांनी तंबाखू लावला.

कुठला, मी विचारलं. आपल्या निपाणीसारखा?
"पुस्तकात नाही."
वास कसा होता? खोकला यायचा का लावणाऱ्यांना?
"अक्का, असलं विचारत नाहीत गं परीक्षेत."

पुढं तिनं वाचलं : तिथं बायका नव्हत्या,
म्हणून जहाजातून मुली पाठवल्या,
आणि ज्याला लग्न करायचं त्यानं भाड्यापोटी
तंबाखू मोजून द्यायचा. बायकोमागं एकशेवीस पौंड.
"म्हणजे चोपन्न किलो," हिनं हिशेब केला.

मी सूप खाली ठेवलं.

मला बघायला अक्कलकोटहून आले होते.
सुशीला खाल्ला, पाणी प्यायले.
म्हाताऱ्या बाईनं माझा हात हातात घेतला,
मला वाटलं माया करते. बोटं बघत होती.
"दिवसाला किती होतात?"
आई म्हणाली हजार.
मी आतल्या खोलीतून खरं सांगितलं, आठशे.
नंतर कळलं, त्यांना बाराशेवाली मिळाली.

हरिणी वहीत काहीतरी लिहायला लागली.
म्हटलं, खोड ते, तुझ्या परीक्षेत नाही.
खोडलं की नाही, मी बघितलं नाही.

फी डॉलरात. अप्पानं विचारलं, म्हणजे किती टॉवेल?
मेच्या पहिल्या आठवड्यात दोघं हैदराबादला गेली,
जनरलच्या डब्यात, ओला नॅपकिन डोक्यावर.
तिथं म्हणे सात जुने कागद पुढ्यात ठेवतात,
कुणाचं पत्र, कुणाची हिशेबवही,
आणि त्यावरून सांग म्हणतात, काय झालं होतं.
ती गेल्यावर मी ट्रंक उघडली.
माझं बिडीचं कार्ड.
मिल बंद झाल्याचं अप्पाचं पत्र, टाचणी गंजलेली.
एक लाइटबिल.
तीनच. शाळा सोडल्याचा दाखला उंदरांनी नेलेला.

जुलैत निकाल लागला. पाचापैकी चार.
मॅडम पेढे घेऊन गल्लीत आल्या,
आणि ही कोपऱ्यात तोंड फुगवून :
"माझा एक कुठं गेला?"

कारखान्यात चेकर बंडलात हात घालतो,
मूठभर बाजूला काढतो. छाट.
काय चुकलं सांगत नाही, पैसेही धरत नाही.
पण त्या तो फेकतही नाही.
संध्याकाळी पिशवीत घालून नेतो.

म्हटलं, कुठं जाणार?
कुणीतरी ठेवून घेतला असेल.
चल, पुढचं काय ते वाच.
चारशे राहिल्यात अजून.