दोर धरा रे

रोडेलच्या जुन्या पिकअपमध्ये एकच कॅसेट.
बाकीच्या उन्हात वितळल्या.
फुजैराच्या कॅम्पपासून टाक्यांपर्यंत बावीस मिनिटं,
गाणं पाच मिनिटांचं,
आणि तो तेच मागं नेत राहतो,
म्हणजे रोज चार वेळा, वर थोडं.

गिटार अशी, की कुणी पत्रा फाडतंय.
मग तो गाणारा, घसा सोललेला:
‘दोर धरा रे पोरांनो,
मला खाली सोडा,
दार बंद आहे,
मी वरून येतो.’

इंग्रजी माझं सेफ्टी कार्डापुरतं.
तरी चौथ्या दिवशी बोलून गेलो,
अरे, हे तर कफर्णहूम!
हा तोच पक्षाघाती, चौघांनी उचलून आणलेला.
दारात मुंगी शिरणार नाही एवढी गर्दी,
म्हणून छप्पर उसवलं
आणि बाजेसकट सोडला प्रभूच्या पुढ्यात.

रोडेलनं स्टिअरिंगवर थाप मारली.
‘ब्रदर, दारुड्या आहे तो.
मेल्यावर कसं पुरा, ते सांगतोय.
दार म्हणजे बारचं. रात्री बंद झालेलं.’

शुक्रवारी उपासनेनंतर पास्टर कोशींना विचारलं.
म्हणाले, असल्या गाण्यांत सैतान असतो.
मग चहाचा कप खाली ठेवून, हळूच:
‘कुठलं आहे? ऐकव बघू.’

माझा बाप, हनोखमास्तर,
वडाळ्याच्या देवळात पेटी वाजवायचा.
एका ईस्टरला त्यानं पुनरुत्थानाच्या गीताला
जत्रेतल्या तमाशाची चाल लावली.
मंडळीचे पंच चवताळले.
बापानं शास्त्र उघडलं,
एका स्तोत्राच्या माथ्यावरची बारीक ओळ दाखवली:
हे हरिणीच्या चालीवर गावं.
‘वधस्तंभावरून प्रभूनं हेच स्तोत्र ओरडून म्हटलं.
आता ती हरिणी कोण, सांगा.
पाण्यावर जाताना पोरी काय गात होत्या, सांगा.’
पंच गप्प.
पुढच्या वर्षी पेटी मात्र दुसऱ्याला दिली.

तो गेला तेव्हा मी सतरा नंबरच्या टाकीवर,
पासपोर्ट कंपनीच्या कपाटात.
माती भावाच्या फोनवर पाहिली.
चौघं जण, दोन सोल,
पेटी खाली, हळूहळू, आणखी खाली,
आणि चित्र अडकलं.
किती वेळ ती तशीच अधांतरी.
पुन्हा लागलं तेव्हा लोक हात झटकत होते.

तेव्हापासून प्रार्थनेत ओठ हलवतो, एवढंच.

आज पुन्हा टाकीच्या माथ्यावर.
मागं डोंगर, करपलेल्या भाकरीच्या रंगाचे,
पुढं समुद्रात तेलाची जहाजं रांगेत.
मॅनहोलमधून गाळाचा वास वर येतो.
मीटर म्हणतो, हवा ठीक आहे.
हार्नेस आवळला. वर तिवई, तिवईला दोर,
दोराला रोडेल, टेकबहादुर,
करीमनगरचा पोशेट्टी,
आणि गुलजमान,
जो दर वेळी पुटपुटत बिस्मिल्ला म्हणतो
आणि माझी गाठ स्वतः ओढून बघतो,
मी आधीच बघितलेली असली तरी.

छपरातून खाली जाताना
उजेडाची चकती आधी परातीएवढी,
मग ताटलीएवढी.
शास्त्रात लिहिलंय, ‘त्यांचा विश्वास पाहून’.
त्यांचा.
बाजेवरच्याचा होता की नव्हता
हे कुणी विचारल्याचं
मला तरी आठवत नाही.

पाय टेकले. गाळ गुडघ्यापर्यंत.
वर रोडेलनं शिट्टीवर तीच चाल धरली,
बेसूर. बापानं कान धरला असता त्याचा,
मग पेटीवर सूर देऊन
पुन्हा म्हण म्हणाला असता.

मी दोर दोनदा ओढला. पोचलो.
वरून दोनदा ओढ आली.
चौघांतल्या कुणाची, ते कळलं नाही.