मंग दखसू

लोटन बडगुजर दोंडाईच्याला मिरचीच्या धंद्यात गेला
आणि त्याचा कोड माझ्या गळ्यात आला:
सावद्याच्या केळीचे रोजचे भाव दाखवणारं पान,
चार हजार ओळी,
सात वर्षं कुणी केरसुणी न फिरवलेल्या.

जळगाव. मे. टायरच्या दुकानावरची खोली.
कूलरमध्ये दोन बादल्या ओतल्या
आणि तपासणारा सोडला त्या कोडवर.
त्याला भूक नाही, मुरवत नाही,
कोड चालवूनसुद्धा बघत नाही तो,
नुसता वाचतो.
दीड सेकंदात म्हणाला, तीनशे बारा.

ओळ सदतीस, सेमीकोलन नाही.
ओळ अडतीस, सेमीकोलन नाही.
लोटनला वाक्य संपवायची सवयच नव्हती,
बोलतानाही 'तर मंग' वर सोडून
चहाला उठायचा.

ओळ नऊशे दोन: इथपर्यंत कोड कधीच पोचत नाही.
रिटर्नच्या खाली लिहिलेल्या अकरा ओळी,
घरी निघून गेलेल्या माणसाला
हाका मारत बसलेल्या.

ओळ अकराशे चाळीस: 'वारा' घोषित केला आहे,
कुठेच वापरलेला नाही.
शेजारी लोटनची टीप,
मंग दखसू.

एक बटण दाबलं. दोनशे चौऱ्याण्णव
जागच्या जागी सरळ झाले,
मास्तर वर्गात आल्यावर पोरं होतात तसे.
उरलेले अठरा मी हातानं.
अकरा ओळी उडवल्या. वारा उडवला.
मग एके ठिकाणी दोन बरोबरची चिन्हं होती
आणि त्याचा आग्रह, तीन हवीत:
दोनाचं माप ढिलं असतं,
रिकामं आणि शून्य एकाच पारड्यात बसवतं.
त्या ओळीच्या डोक्यावर लोटननं लिहून ठेवलं होतं,
आठे हात लावानं नही.
टिपा तो वाचत नाही.
मी वाचली,
आणि हात लावला.

शून्य चुका. शून्य इशारे.
खाली जाऊन स्वतःला कुल्फी दिली.

सकाळी साडेपाचला सिकंदर तडवीचा फोन,
मागे ट्रकचं इंजिन घुरघुरत:
ताई, आज केळी फुकट का?
पानावर मोठ्या अक्षरांत
भाव शून्य रुपये.
रोज या वेळी तिथे असायचं,
'भाव अजून निघाला नाही'.

लोटनला लावला. आधी तो तीनदा शिंकला.
'मुनीम रातले खाना रिकामाच ठेवस व माय,
कधी शून्य टाकस, कधी काहीच नही.
दोन्हीस्ना अर्थ एकच.
म्हनीसन दोन चिन्हं.
दोनच ऱ्हावू दे.'

नियम चुकला नव्हता.
नियमाचं सगळं बरोबर होतं,
तो फक्त सावद्याला कधी गेला नव्हता.
मीही नव्हते. चाळीस किलोमीटर, आणि
तो मुनीम कसा दिसतो मला माहीत नाही,
त्याचा रिकामा खाना तेवढा आता ओळखते.

तिसरं चिन्ह काढलं.
वर एक सूचना लिहिली: पुढच्या ओळीपुरता गप्प बस.
अशी सोय असते त्यात. बसला गप्प.
माणसांत मी ही सोय अजून पाहिलेली नाही.

वाऱ्याचं विचारायचं राहूनच गेलं.
रावेरकडे पाऊस पडायच्या आधी सुटतो तो,
घड लागलेली झाडं रात्रीतून आडवी करतो,
सकाळी भाव कोणता आणि कुणाचा.
त्याचंच काही मांडायचं असेल लोटनला,
किंवा नसेलही,
नुसतं नाव सुचलं असेल आणि चहा आला असेल.

दुपारी जुन्या प्रतीतून ती ओळ शोधली,
टिपेसकट परत आणून ठेवली,
अकराशे चाळीसवर नाही, आता एकोणतीस पुढे सरकली,
सेमीकोलन नसलेली.
लगेच तिच्याखाली पिवळी नागमोडी रेघ उमटली.

उमटू दे.