शंभरात सतरा

पुत्रे गावाच्या वर, जिथे श्वाससुद्धा जपून खर्चावा लागतो,
सिमेंटच्या खड्ड्यात तीन पेट्या आहेत.
एक वरखाली ऐकते,
एक उत्तर-दक्षिण,
तिसरी पूर्व-पश्चिम.
जमीन हलली की तिघी आपापल्या वाट्याचं तेवढं लिहितात,
आणि माझी आई एउलोखिया
कागद बदलते, तारीख घालते, झाकण लावते.
तिघी गुण्यागोविंदानं राहतात, ती म्हणायची.
गुण्या तेवढा कुणी लावून पाहिला नव्हता.

सुटीत मी आले ते
रेषीय बीजगणिताचं जुनं पुस्तक घेऊन,
आधीच्या मालकाच्या कॉफीच्या डागासकट.
सोपं आहे, आई:
दोन सदिश घ्यायचे, जोडीजोडीनं आकडे गुणायचे,
बेरीज करायची. शून्य आलं तर काटकोन.
शून्य म्हणजे भांडण नाही. अबोलाही नाही.
एकीच्या अंगावर दुसरीची सावली पडत नाही, एवढंच.
उत्तरेला कितीही खोदून विचारलं
तरी पूर्वेची बातमी कळत नाही,
म्हणून तर दोघी लागतात.

आई वाळवलेले बटाटे भिजत घालत होती.
"शेजारणी अशा हव्यात," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी खड्ड्यात उतरून मी दोरी ताणली,
दिशा मोजल्या, गुणलं.
शून्य यायला हवं होतं.
आलं शून्य पूर्णांक सतरा शतांश.
पुन्हा गुणलं. तेच.
शेडमधून बाबांचा गुण्या आणून
पेट्यांच्या मधे धरला:
एका बाजूला करंगळी जाईल एवढी फट.
ज्या घरात दारं, खाटा,
कुत्र्याचं खोपटंसुद्धा गुण्यात,
तिथे ही फट.

म्हणजे पूर्वेच्या तोंडून
शंभरात सतरा उत्तरच बोलत होती.
म्हणजे अकरा वर्षं
अरिकाच्या ऑफिसात बसलेल्यांना
प्रत्येक धक्का जरा बाजूनं आल्यासारखा दिसला,
आणि कुणी काही बोललं नाही.

मी पाना घेतला.
वरून आईचा आवाज आला, नेहमीपेक्षा हळू.
"त्या रात्री देमेत्रियो बॅटरी घेऊन उतरला होता.
अंधारात पाय अडखळला त्याचा, पेटीवर.
वर आला, म्हणाला, छातीत कसंतरी होतंय.
ती पेटी राहू दे तशीच."

मी पाना खाली ठेवला.

पुस्तकात यालाही वाट होती.
हात लावायचा नाही कशाला.
पूर्वेवर उत्तरेची जेवढी सावली पडते
तेवढी मोजून वजा करायची.
उरतं ते काटकोनात असतं, अगदी.
फक्त थोडं आखूड:
काही काढून घेतलं की होतंच ते.
मग त्याला त्याच्याच लांबीनं भागायचं,
की पुन्हा एक.
पूर्ण एक, ना कमी ना जास्त.
परीक्षेत हे मी तीन ओळींत लिहिलं होतं
आणि पैकीच्या पैकी मिळाले होते.

इथे तीन आठवडे लागले.
वहीत आईच्या अक्षरात
जागोजागी एवढंच: "समुद्राकडून. कुत्रा आधी उठला."
माझे दुरुस्त बाण एकामागून एक
समुद्राकडे वळत गेले.
अरिकाला मी नवे आकडे पाठवले.
वजा केलेले सतरा सतरा
वेगळ्या कागदावर उतरवून ठेवले,
का ते मला सांगता येणार नाही.
आईनं तो कागद घडी करून
गुण्याखाली ठेवला.

निघायच्या आदल्या पहाटे धक्का आला.
आधी वरखालीची सुई थरथरली,
मग त्या दोघी.
आई अंथरुणातूनच म्हणाली, "कुठून?"
मी कागदाकडे पाहिलं,
मनातल्या मनात उत्तरेचा वाटा वजा केला,
आणि सांगितलं.
"माहीत होतं," म्हणाली ती,
आणि कूस बदलली.