बॅकट्रॅक

आमच्या जळगावला धावपट्टी एकच,
तिच्या शेजारून दुसरी वाट नाही.
उतरलेलं विमान पार टोकाला जाऊन वळतं
आणि ज्या डांबरावरून धावत आलं
त्याच डांबरावरून चालत परत येतं.
तेवढा वेळ आकाश बंद.

टॉवरमध्ये मी. बाहेर वैशाखातले चव्वेचाळीस.
नशिराबादकडचं शिवार काचेपलीकडे
पाण्यासारखं हलतंय, पाणी नसताना.

"गोल्फ किलो, रिक्वेस्ट बॅकट्रॅक."
शिकाऊ पोरगा, एकट्यानं उडायचा तिसरा दिवस.
नाव ठाऊक नाही, विचारायचंही नसतं,
पण इंग्रजीतला शेवटचा शब्द ओढतो,
म्हणजे चोपडा असावं, नाहीतर यावल.

"बॅकट्रॅक अप्रूव्ह्ड. रिपोर्ट व्हेकेटेड."
माझं वाक्य त्यानं मला परत दिलं,
एक अक्षर न सांडता.
इथं 'कळलं' म्हणून भागत नाही,
सांगितलेलं पुन्हा म्हणून दाखवावं लागतं.
घरी मी हा नियम लावून पाहिला,
माझ्या नवऱ्याला पटला नाही.

अण्णा नरडाण्याला होते,
ताप्ती लाइन एकेरी होती तेव्हा.
वेताची रिंग, तिच्या चामडी पिशवीत लोखंडी गोळा.
ज्याच्या हाती गोळा, त्याची लाइन.
रात्री मालगाडी न थांबता जायची,
अण्णा मशालीशेजारी रिंग उंच धरायचे,
ड्रायव्हर धावत्या इंजिनातून हात घालून ती उचलायचा,
जुनी खाली फेकायचा.
मग अण्णा अंधारात, खडीत,
ती शोधत फिरायचे.
सापडल्याशिवाय जेवायचे नाहीत.

माझ्याकडे गोळा नाही.
समोरच्या फळीवर एक लाल पट्टी आहे,
रनवे ऑक्युपाइड,
आणि हेडफोनमधला हा आवाज.

हैदराबादचं विमान अकरा मैलांवर.
"गोल्फ किलो, एक्स्पेडाइट."
"एक्स्पेडाइटिंग, गोल्फ किलो."
आणि तो थांबला.
मधोमध, पांढऱ्या रेघेवर.

दुर्बिणीत त्याची चाकं मृगजळात विरघळलेली,
विमान जणू गुडघाभर पाण्यात उभं.
"गोल्फ किलो, से रीझन."
खरखर.
टायर फुटला, ब्रेक तापले, इंजिन बंद पडलं,
सगळ्याला शब्द ठरलेले आहेत.
त्याला हवा तो सापडेना.
नऊ मैल. आठ.
मग इंग्रजी सोडून, मराठीही ओलांडून,
थेट चुलीजवळच्या बोलीत:
"मॅडम, टिटवी शे. पिल्लं शेतस सोबत."

मी हैदराबादला म्हटलं, एक चक्कर घ्या.
कॅप्टननं कारण विचारलं. पक्षी, म्हटलं.
जरा थांबून तोही माझं वाक्य
मला जसंच्या तसं परत देऊन गेला.

मला फक्त टिटवी दिसत होती,
पट्टीच्या कडेला आरडाओरडा करणारी.
पिल्लं दिसली नाहीत.
डांबराच्या रंगाची, सुपारीएवढी,
साडेतीन हजार फुटांवरून दिसणार तरी कशी?
त्याच्या तेवढ्या वाक्यावर
मी साठ-सत्तर माणसं
तापीच्या पात्रावर फिरवत ठेवली.

"रनवे व्हेकेटेड, गोल्फ किलो."
लाल पट्टी उचलली. हैदराबाद उतरलं.
नोंदवहीत लिहिलं: पक्षी, विलंब चार मिनिटं.

रात्री अण्णांना सांगितलं.
भाकरी मोडता मोडता त्यांनी विचारलं,
"पिल्लं किती?"
तो बोलला नाही, मीही विचारलं नाही.
"अगं, गाडी निघून गेली म्हणजे लाइन मोकळी झाली
असं थोडीच असतं?
मागच्या डब्याचा लाल दिवा बघायचा.
तो दिसला तरच गाडी पुरी.
नाहीतर डबा सुटून मागं उभा असतो,
अंधारात."

आज पुन्हा तोच आवाज आला.
"गोल्फ किलो, रिक्वेस्ट बॅकट्रॅक."
परवानगी दिली. त्यानं ती परत म्हटली.
बटणावर अंगठा तसाच राहिला माझा,
विचारावं का,
शेवटचं गेलेलं पाहिलंस ना?