शेऱ्याचा रकाना

झोंबाच्या डोंगराखाली बसून मी पत्रं लिहिते.
पत्र एकच, फक्त नाव-गाव बदलतं:
आपण पुस्तक छापल्याचं समजलं.
कायद्याप्रमाणे त्याची एक प्रत
आपल्या खर्चानं आमच्याकडे यायला हवी होती.
अद्याप आलेली नाही.
खाली सही, एनिफा काचिंग्वे, दाखल विभाग.

मोठ्या छापखान्यांना आठवण लागत नाही.
त्यांचे गठ्ठे येतात सुतळी बांधून,
पानं अजून एकमेकांना चिकटलेली.
लागते ती एकट्या-दुकट्याला:
सायकल दुरुस्तीचं पुस्तक काढणाऱ्या मास्तरला,
आईच्या मागं तिची गाणी छापून
शेजारीपाजारी वाटणाऱ्या दोघी बहिणींना.
त्यांना वाटतं, ही बाई वसुलीला आलीय.

सायलस म्फांदेला तीन पत्रं गेली.
न्खाटा बे, धक्क्याजवळ, झेरॉक्सचं दुकान.
पुस्तक चोपन्न पानांचं, सरोवरातल्या माशांची नावं,
टोंगा भाषेत, म्हातारे कोळी घेतात तशी:
पाण्यात असताना एक, जाळ्यात आला की दुसरं,
आणि गिऱ्हाइकासमोर तिसरंच.

तिसऱ्या पत्रावर फोन आला.
"बाई, शंभर छापली, शंभरच्या शंभर होड्यांवर गेली.
एकानं तर पानात उसिपा बांधून विकले.
कर म्हणून मासे पाठवू?"
मी म्हटलं, हा कर नाही.
"मग देणगी?"
तीही नाही. देणगी मनात आलं तर देतात.
"मग आहे तरी काय?"

ठेव आहे, म्हटलं.
बँकेतली नव्हे. हिला मुदत नाही,
व्याज तुम्हाला नाही, मलाही नाही,
मिळालंच तर अशा कुणाला
ज्याचं बारसं अजून व्हायचंय.
तो बराच वेळ गप्प राहिला.
मागून लाटांचा आवाज, की झेरॉक्स मशीनचा, कळेना.

महिन्यानं बसनं पुडकं आलं.
वर्तमानपत्र, त्यात प्लास्टिक, त्यात पुस्तक,
दमट, कोपरे गोल झालेले,
आणि सगळ्या खोलीला कळेल असा वास.
चिठ्ठी होती: ही बाबांची प्रत.
त्यांनी होडीत बसून पेन्सिलीनं दुरुस्त केलीय.
अकरा नावं आम्ही चुकीची छापली होती.
दुसरी आवृत्ती काढायला पैसे नाहीत.

साहेब म्हणाले, ही कशी घेणार?
छापली तशी हवी. कोरी. ही तर वापरलेली आहे.
म्हटलं, दुसरी कुठं आहे?
त्यांनी उभ्या उभ्या पान उलटलं, मग खुर्ची ओढली.
एका नावाशी त्यांचे ओठ हलले,
आवाज आला नाही.
चहा आला, गार झाला.
पुस्तक माझ्या टेबलावर ठेवून ते एवढंच म्हणाले,
"शेऱ्यात लिहा."

शेऱ्याचा रकाना बोटभर रुंदीचा.
तिथं आम्ही लिहितो: चांगली. कधी: बांधणी सैल.
मी अक्षर बारीक केलं.
दमट आली, सावलीत वाळवली.
अकरा ठिकाणी अन्य हस्ताक्षर, पुसू नये.
पान एकतीस: माशाचा एक खवला,
काढला नाही.
मग शिक्का मारला, हलक्या हातानं,
ओल्या कागदाला शाई पसरते म्हणून.
पावती टपालात टाकली.

काल पुन्हा फोन.
"पावती पोचली. बाबांना वाचून दाखवली.
डोळे गेलेत त्यांचे आता, पण ते विचारतायत,
खवला कुठल्या माशाचा ते लिहिलंय का?"
नाही लिहिलं. मला ओळखता येत नाही.
पलीकडे कुजबुज झाली.
"बाबा म्हणतात, उजेडात धरा.
कडेला निळी झाक असेल तर एक,
नसेल तर नाव वेगळं."

आमचं कोठार तळघरात.
किल्ली साहेबांकडे, साहेब जेवायला गेलेले,
आणि त्याचे फोनचे पैसे पडतायत.
म्हटलं, जरा धरून ठेवा,
बघून येते.